निर्मलाच्या मिरच्यांच्या माळा

निर्मला,

तुझ्या दारावर बसायला येणारी माणसं आता थांबली. तू गेल्याला एकोणीस दिवस झाले. रोज सकाळी मी अंगणात सतरंजी टाकायचो, माणसं यायची, गप्प बसायची, कोणी तंबाखू मळायचा, मग एक जण "चला आबा" म्हणायचा की सगळे उठायचे. काल सतरंजी झटकून ठेवून दिली. घरात आता मी आणि चांदी शेळी. ती गोठ्यात उभी राहून दाराकडे बघत असते. तिच्याशी तुझ्याएवढं बोलणारं माणूस या घरात दुसरं नव्हतं.

मी चौथी शिकलेला हमाल. आयुष्यभर मिरचीची पोती उचलली, अक्षराशी काम पडलं नाही. शेजारची केसरबाई म्हणाली, "आबा, मनमां ठेवू नका, लिखी टाका." म्हणून वही काढली. वही तुझीच आहे. पुढच्या पानांवर तू दवाखान्याच्या तारखा लिहिल्या आहेस, मागची पानं कोरी आहेत. मी मागून सुरू करतो.

तू लग्न होऊन दोंडाईच्यात आलीस तेव्हा तुझी सासू वारून वर्ष झालं होतं. प्रकाश माझा एकुलता, तो ट्रकवर. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावरच. घरात उरलो तू आणि मी. आपल्यात सून सासऱ्याशी तोंड वर करून बोलत नाही. मध्ये सासू असते, नणंद असते, तिला सांगायचं आणि तिनं पुढं सांगायचं. तुला तर कोणीच नव्हतं. दोन दिवस तू ताट वाढून नुसता तांब्या वाजवलास. तिसऱ्या दिवशी दारात उभी राहून तू शेळीला म्हणालीस, "चांदी, आबाले सांग, भाकर वाढी ठेयेल शे."

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. जेवायला बसलो आणि मीही शेळीलाच म्हटलं, "चांदी, तिले सांग, मीठ कमी शे."

आतून उत्तर आलं, "चांदी, आबाले सांग, मीठ चुल्हाजोडे शे. आनि आबाले हात शेतस."

त्या दिवशी मी ओळखलं, ही पोरगी आपल्याला सरळ करणार. उठून चुलीजवळचं मीठ घेतलं. तेव्हापासून आपलं सगळं बोलणं, भांडणसुद्धा, शेळीच्या मार्फत झालं. केसरबाई शेजारून ऐकायची आणि हसून हसून खोकायची. म्हणायची, "या घरमां सगळ्यात शहाणी ती शेळी शे, दोन्ही बाजू ऐकस आनि बोलत नही."

तू केसरबाईबरोबर मिरचीच्या पथारीवर जाऊ लागलीस. उघड्या मैदानावर मिरची वाळत पडलेली असते, बाया रांगेनं बसून देठ खुडतात. तोंडाला फडकं, हाताची आग, डोळ्यांना पाणी. मी त्याच पथारीवर राखणीला होतो, पाठ गेल्यामुळे पोती सुटली होती. तुझा हात सगळ्यात चलाख. पण मी कधी म्हटलं नाही. सासऱ्यानं सुनेची तारीफ करायची पद्धत आपल्याकडे नाही, आणि असती तरी माझ्या तोंडून निघाली नसती. आज लिहितो, तुझा हात चलाख होता.

तुला एक बाळ झालं, ते सहा महिन्यांत गेलं. त्यावर तू कधी बोलली नाहीस, चांदीशीसुद्धा. मीही इथं जास्त लिहीत नाही.

आता प्रकाशचं. हे लिहिण्यासाठीच वही काढली, आणि तिथं येईपर्यंत मी दोन पानं मिठावर आणि शेळीवर घालवली.

मिरचीच्या गावात खोकला कोणी मनावर घेत नाही. इथं सगळेच खोकतात. प्रकाश दोन महिने खोकत होता, मी म्हटलं, मिरची भरलेली गाडी चालवतो, खोकणारच. तू मात्र रोज चांदीला सांगायचीस, "आबाले सांग, त्यासना घाम पाह्य. उशी ओली व्हस." शेवटी तूच त्याला दवाखान्यात नेलंस. बेडका तपासला, टी.बी. निघाला. लाल कॅप्सूल, पांढऱ्या गोळ्या, दोन महिने रोज सुई. डॉक्टर म्हणाले, बरं वाटलं तरी सोडायचं नाही, पूर्ण करायचं.

तीन महिन्यांत पोरगा भरला. गालावर मांस आलं, खोकला गेला. मग चैत्र लागला.

आपल्याकडचा उन्हाळा काय असतो ते मी तुला सांगायला नको. पत्र्याखाली बसवत नाही, रस्त्यावर डांबर पायाला चिकटतं. प्रकाश इंदूरहून आला तो घोळणा फुटलेला, नाकातून रक्त. आणि मला म्हणाला, "आबा, लघवी जास्तीच लाल व्हस." मी म्हटलं, उन्हाळी लागली. या गोळ्या उष्ण आहेत, अंगातली आग वाढवतात. आमच्या बापाच्या वेळेपासून हेच चालत आलं होतं, गरम औषध उन्हाळ्यात घ्यायचं नाही. मी सब्जा भिजवला, धन्याचं पाणी दिलं, आणि सांगितलं, "गोळ्या ठेव. मृग लागला की परत सुरू कर."

तू चुलीपुढून उठून दारात आलीस. "चांदी, आबाले सांग, डाक्तरनी सांगेल शे, सोडानं नही."

आणि मी ओरडलो. "चांदी, तिले सांग, चार बुकं शिकीसन माले शिकाडू नको."

तू परत चुलीपुढं जाऊन बसलीस. गोळ्यांचा डबा देवळीत ठेवला गेला. प्रकाशची लघवी दोन दिवसांत साफ झाली. मी मनात म्हटलं, बघा, उतरली उष्णता.

मृगात त्यानं परत सुरू केल्या. पुढच्या चैत्रात परत सोडल्या, माझ्याच सांगण्यावरून. या वेळी तू चांदीला काही बोलली नाहीस. पण सब्जा तू भिजवला नाहीस. मलाच भिजवावा लागला. तुझं भांडण असं असायचं.

तिसऱ्या खेपेला औषधानं काहीच केलं नाही. प्रकाश हाडं झाला. तालुक्याच्या दवाखान्यानं धुळ्याला पाठवलं, मोठ्या दवाखान्यात. तिथं रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून एच.आय.व्ही. म्हणून सांगितलं. मला नाव समजलं नाही, अर्थ समजला. ट्रकवाल्यांबद्दल तेव्हा गावात तेच बोललं जायचं. तुला सांगायला मला शेळी नव्हती तिथं. मी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि भिंतीला सांगितलं. तू मागे होतीस. तू म्हणालीस, "समजनं." एवढंच.

दीड महिना तू त्याच्या खाटेखाली झोपलीस. खाटेला खाट लागलेली, चारी बाजूंनी खोकणारी माणसं, खिडक्या थंडीमुळे बंद. तू रोज सकाळी उठून खिडकी उघडायचीस, म्हाताऱ्या पेशंटांच्या शिव्या खायचीस आणि परत उघडायचीस. त्याचं सगळं केलंस. त्यानं तुला काय दिलं होतं हे माहीत असूनही केलंस. एकदा मी त्याला रागानं काही बोललो, तर तू डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढलास आणि माझ्याकडे पाठ केलीस.

तो गेल्यावर तुझा भाऊ अशोक सुरतेहून आला. मागावर काम करतो, दोन खोल्या आहेत, चाल म्हणाला. मला वाटलं, जाईल. इथं काय होतं तुझं, एक म्हातारा आणि एक शेळी. पण तू गेली नाहीस. तेव्हा मला वाटलं, माझ्या भाकरीसाठी थांबली. केसरबाईला तू खरं कारण सांगितलंस, ते तिनं मला परवा सांगितलं. तू म्हणाली होतीस, "मालेबी व्हई ते. मंग औषध एकच जागावर ऱ्हाइसन पुरं करनं पडी. गाव बदलं का खंड पडस." म्हणजे खोकला यायच्या आधीच तू हिशोब करून बसली होतीस. आणि मी समजत होतो, माझ्या मिठासाठी.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला तू खोकू लागलीस. पथारीवरच्या बाया म्हणाल्या, मिरची लागली. तू कोणाचं ऐकलं नाहीस. दुसऱ्याच दिवशी डबी घेऊन दवाखान्यात. बेडक्यात टी.बी. निघाला आणि कार्तिकात तुझ्या गोळ्या सुरू झाल्या. मलाही ओढत नेलंस, म्हणजे चांदीला सांगितलंस, "आबाले सांग, त्यासनाबी बेडका देना पडी, नहीतर भाकर भेटाव नही." माझं काही निघालं नाही. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा नाही.

तू तुझी खाट अंगणात काढलीस, थंडीतसुद्धा. तुझा पेला वेगळा केलास, त्याची खरं तर गरज नव्हती, डॉक्टरनंच सांगितलं होतं, पण तू ऐकलं नाहीस. माझ्यासमोर आलीस की पदर तोंडावर. नवी नवरी होतीस तेव्हा तो लाजेचा होता. आता तो माझ्या छातीसाठी होता. मला ते उशिरा समजलं. मला आजार लागला नाही याचं श्रेय मी देवाला देत होतो.

आणि माळा. सकाळची नंदुरबारची गाडी शिट्टी द्यायची तेव्हा तू गोळ्या घ्यायचीस. घेतल्या की सुतळीत एक वाळलेली मिरची ओवायचीस. एका दिवसाची एक. तीस झाल्या की गाठ मारून खुंटीला टांगायचीस आणि दुसरी सुतळी. मी चांदीला विचारलं, हे काय नवीन. तू म्हणालीस, "चांदी, आबाले सांग, वही खोटी लिखता येस. मिरची हातले लागस, याद ऱ्हास." कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. पाच माळा खुंटीवर. अंगात ताप असला, जुलाब लागले, उलटी झाली, तरी गाडीची शिट्टी झाली की तुझा हात डब्याकडे. उलटी झाली त्या दिवशी तू अर्ध्या तासानं परत गोळी घेतलीस. मिरची मात्र एकच ओवलीस. बघत होतो मी.

मग चैत्र.

एक दिवस केसरबाई कुंपणावरून म्हणाली, "आबा, निर्मलाले उन्हाळी लागनी वाटस. बिचारीले लाल व्हस." मी लगेच सब्जा भिजवला. तांब्या भरून तुझ्या खाटेजवळ ठेवला आणि चांदीला म्हटलं, "तिले सांग, पाणी पी. उष्णता उतरी जाई. आनि गोया मृगपर्यंत ठेव."

तू खाटेवर उठून बसलीस. तुझ्या नाकाला फडकं होतं, घोळणा फुटला होता. तू चांदीकडे पाहिलं नाहीस. खाली जमिनीकडे पाहून हळू बोललीस, जणू कोणालाच नाही. "लाल व्हस ती उन्हाळी नही. ती लाल कॅप्सूल शे. पहिला दिनपासून व्हस, उन्हायामां जास्ती दिखस. लघवी लाल म्हंजे गोई अंगमां गयी. डाक्तर तोच रंग विचारतस, गोई खाद्यी का नही ते समजाले."

मी तांब्या हातात घेऊन उभा राहिलो. तू प्रकाशचं नाव घेतलं नाहीस. घेतलं असतंस तर बरं झालं असतं. त्याची लघवी साफ झाली तेव्हा मी उष्णता उतरली म्हणून खूश झालो होतो. उतरलं ते औषध होतं.

सब्जाचं पाणी मी चांदीला पाजलं.

तू पूर्ण उन्हाळा गोळ्या घेतल्यास. ओलं फडकं डोक्यावर ठेवून, निंबाच्या सावलीत बसून, रोज. चैत्र, वैशाख. सात माळा झाल्या. आणि ज्येष्ठात बेडका तपासला तो परत तसाच. टी.बी. होताच.

तालुक्याचा डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता, दमलेला होता. तो म्हणाला, "बाई, गोळ्या चुकवल्या असतील."

तू म्हणालीस, "एकही नाही साहेब." दवाखान्यात तू पुस्तकातली मराठी बोलायचीस, मला त्याचा अभिमान वाटायचा. पिशवीतून तू सात माळा काढून टेबलावर ठेवल्यास. डॉक्टरला ठसका लागला.

"हे काय?"

"रोजची एक. मोजून घ्या."

तो हसला. म्हणाला, "बाई, माणूस खोटं बोलतो, मिरचीही बोलेल. जंतू बोलत नाहीत." आणि कागदावर लिहिलं. तू वाकून वाचलंस. औषधे अनियमित.

"हा शब्द खोडा साहेब," तू म्हणालीस.

"धुळ्याला पाठवतो, तिकडे तपासू द्या. मग बघू."

बसमध्ये तू सगळ्या रस्त्यानं तो कागद धरून होतीस. तुझ्या आयुष्यात काय काय झालं होतं, नवरा गेला, बाळ गेलं, अंगात तो रोग, आणि तुला लागला होता एक शब्द. तेव्हा मला ते विचित्र वाटलं. आता वाटत नाही. तुझ्याजवळ तुझं स्वतःचं म्हणून तेवढंच होतं, की मी चुकवली नाही.

धुळ्याला एक वयस्कर डॉक्टरीण होती. तिनं तुझं रक्त तपासलं, एच.आय.व्ही. सांगितलं. तू म्हणालीस, "माहीत होतं. पुढचं विचारा." तिनं चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याच वेळी तू तिला आवडलीस. बेडका तिनं लांब कुठंतरी पाठवला. औषधात जंतू वाढवून बघतात, कोणत्या औषधानं मरतात आणि कोणत्यानं नाही. दोन-अडीच महिने लागले. तोपर्यंत तू त्याच गोळ्या घेत राहिलीस, त्याच माळा ओवत राहिलीस. काही उपयोग नाही हे तुला कळत असणार. मी एकदा चांदीला म्हटलं, कशाला घेते मग. तू म्हणालीस, "आबाले सांग, उद्या कोनी म्हनाले नको, हिनी मधमां सोडी दिन्ही."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बोलावलं. निकाल आला होता. डॉक्टरीण म्हणाली, मुख्य दोन्ही औषधांना हे जंतू दाद देत नाहीत. मग ती एकेक विचारत गेली. आधी कधी टी.बी.चं औषध घेतलं होतं का? नाही. मध्ये खंड? नाही. जुलाब होतात का, औषध अंगाला लागत नसेल? होतात, पण अधूनमधून. दारू, तंबाखू? तू हसलीस, नाही. घरात कोणाला होता? हो, मालकांना. त्यांची शुश्रूषा कोणी केली? मी. किती दिवस? शेवटपर्यंत.

डॉक्टरीण पुढं सरकली. ती आता माझ्याकडेही बघत होती. म्हणाली, "हे बघा, औषध मध्ये मध्ये सोडलं की काही जंतू जगतात आणि औषधाला सरावतात. मग ते खोकल्यातून दुसऱ्याला जातात ते सरावलेलेच जातात. तुमच्या अंगात एच.आय.व्ही. आहे, प्रतिकार कमी, त्यामुळे ते तुम्हाला लवकर धरतात. तुम्ही पहिल्या दिवसापासून एकही गोळी चुकवली नसेल, तरी असं होऊ शकतं. म्हणून विचारते. तुमच्या नवऱ्यानं मध्ये औषध सोडलं होतं का?"

निर्मला, तिनं पेन हातात धरलं होतं. समोर तो कागद होता, तो शब्द होता. तू हो म्हणाली असतीस तर तिनं तो खोडला असता. मला दिसत होतं, ती खोडायला तयार होती.

तू माझ्याकडे पाहिलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पदर न ओढता, सरळ. तू विचारत होतीस, आबा, तुम्ही सांगता का. मी स्टुलावर बसलो होतो. टोपी हातात होती. टोपीची घडी घातली, उघडली, परत घातली.

तू डॉक्टरणीकडे वळलीस आणि म्हणालीस, "नाही. ते वेळेवर घ्यायचे."

तिनं पेन खाली ठेवलं. शब्द तसाच राहिला.

परत येताना तू खिडकीशी बसलीस. घरी आलो, तू चूल पेटवलीस. मी चांदीजवळ बसून होतो, मनात म्हणत होतो, आता ही काही बोलेल, शिवी देईल, काहीही. तू म्हणालीस, "चांदी, आबाले सांग, चहा व्हयना. आनि सकायपासून जेवेल नहीत, आज जेवनं पडी." त्या दिवशी तुझ्या हातची भाकर मी सगळी खाल्ली. त्यापेक्षा वेगळं काही करायची माझी हिंमत नव्हती.

त्या जंतूंवर चालणारी दुसरी औषधं आपल्याकडच्या दवाखान्यात नव्हती. डॉक्टरीण खटपट करत होती, चिठ्ठ्या लिहीत होती, तोवर तू जुन्याच गोळ्या चालू ठेवल्यास. तू दिवाळी काढलीस. संक्रांत काढलीस. माघात गेलीस, अंगणातल्या खाटेवर, सकाळी, गाडीची शिट्टी झाल्यावर. त्या दिवशीची मिरची तू ओवली होतीस. शेवटच्या माळेत अकरा आहेत.

दहाव्याला दारावर बरीच माणसं होती. अशोक आला होता. दवाखान्याचे कागद त्यानं रात्रभर वाचले होते. तो सगळ्यांपुढं म्हणाला, "मनी बहीन शिकेल व्हती. तरी गोया येळवर लिध्या नहीत. कागदवर लिखेल शे." माणसांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, "बायास्नं तसंच ऱ्हास." केसरबाई ओट्यावरून काही बोलणार होती, तिला मी हातानं थांबवलं.

मी आत गेलो. खुंटीवरच्या सगळ्या माळा काढल्या. पंधरा पूर्ण, आणि ती अकराची. सतरंजीवर अशोकच्या पुढं ठेवल्या. दोन-तीन जण खोकले. मी म्हटलं, "मोज."

त्यानं मोजल्या नाहीत. मग मी सांगितलं, सगळ्यांसमोर. प्रकाशची लघवी लाल झाली, मी उष्णता समजलो. दोन उन्हाळे मी त्याला औषध सोडायला लावलं. ही नको म्हणत होती. तिच्या अंगात गेलं ते माझ्या शहाणपणानं तयार झालेलं. आणि डॉक्टरणीनं विचारलं तेव्हा हिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी टोपीची घडी घालत बसलो.

कोणी तंबाखू मळत होता, त्याचा हात थांबला. अशोकनं माळा स्वतःकडे ओढल्या. मग म्हणाला, "आबा, हाई तुम्ही तधळ डाक्तरले काब्र नही सांगं?"

तेव्हाच का नाही सांगितलं? लाज वाटली म्हणायलाही लाज वाटली. तो उठला. एक माळ उचलून पिशवीत घातली. येतो म्हणाला नाही. त्याचं बरोबर आहे.

परवा मी तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तो तरुण डॉक्टर होता. त्यालाही सगळं सांगितलं. त्यानं दवाखान्यात ठेवलेले तुझे कागद शोधायला अर्धा तास लावला. मग माझ्यासमोर तो शब्द खोडला, वर लिहिलं, औषधे नियमित, आणि बाजूला सही केली. म्हणाला, "आबा, आता याचा काही उपयोग नाही." मी म्हटलं, उपयोगासाठी नाही आलो. मी बाहेर पडत होतो, तो मागून म्हणाला, "चैत्र जवळ आला. तुमच्या पथारीवर चार जणांची औषधं चालू आहेत. उन्हाळ्यात सोडतील. माझं ऐकत नाहीत." मी म्हटलं, नावं द्या. रोज सकाळी जातो. आपल्या घरातून दोन माणसं कशी गेली ते सांगतो, नावानिशी. मग बघू कोण सोडतो.

आज पहिला दिवस होता. त्यातला एक मला म्हणाला, "आबा, उष्ण पडतस." मी त्याच्या दारात बसून राहिलो. त्यानं गिळली तेव्हा उठलो.

घरी येऊन चांदीला पाला टाकला. सवयीनं तोंडातून निघालं, "चांदी, तिले सांग..." आणि थांबलो. हे शेळीच्या तोंडून सांगायचं नाही.

निर्मला, बेटा, तू एकही चुकवली नाहीस. सोडायला सांगणारा मी होतो.

जेवायला बसलो तर वरणात मीठ कमी होतं. कोणाला काही म्हटलं नाही. उठलो आणि चुलीजवळून घेतलं.